अनोळखी मुलगा कुठे मिळेल?

आमच्यात, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंमध्ये, मुलगा बघायला जाण्याची पद्धत जवळजवळ संपली आहे, कारण मुलगा आधीच बघून झालेला असतो. जन्मल्यावर आठव्या दिवशी त्याची मिला, म्हणजे सुंता होते. त्या समारंभाला जमलेल्या बायकांत त्याच्या होऊ घातलेल्या सासूची बहीण असते, नणंद असते, क्वचित खुद्द सासूही असते. पुढे तो दहावीला गणितात कसाबसा सुटला, इंजिनिअरिंगला रखडला, पहिली नोकरी साहेबाशी भांडून सोडली, हे सगळं आम्हाला वेळच्या वेळी कळत जातं. पंचविशी उलटल्यावर त्याचा बायोडेटा हातात येतो तेव्हा त्यात वाचण्यासारखी फक्त उंची उरलेली असते. आणि ती वाढवून लिहिली आहे हेही आम्हाला माहीत असतं.

माझी लेक खराडीला नोकरी करते, लग्नाच्या वयाची आहे, आणि लग्न करायचंच नाही असं काही तिचं म्हणणं नाही. तिचं म्हणणं एवढंच, की मुलगा अनोळखी हवा. "आई, ज्याला मी बालवाडीत असताना सिनेगॉगच्या पायरीवर उलटी करताना पाहिलेलं नाही, असा एक आण. बाकी अटी नाहीत." मी हसले खरी, पण नंतर जाणवलं, की हिने आमच्या सगळ्या अडचणीचं मूळच सांगितलं. आमचे लोक कमी आहेत हे तर सगळेच म्हणतात. पण खरी टंचाई अनोळखी माणसांची आहे.

आम्ही म्हणजे बेने इस्राएल. पुण्यात अजूनही हे सांगावं लागतं. आडनाव पेणकर, रोहेकर, झिराडकर, अष्टमकर असं काहीतरी गावावरून आलेलं, घरात बोलणं मराठी, जेवणात नारळ. मग तुम्ही ज्यू कसे, असा प्रश्न येतो. कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणत, कारण पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत. स्वातंत्र्याच्या सुमारास आम्ही वीसेक हजार होतो. आज सगळ्या भारतातले सगळ्या प्रकारचे ज्यू एकत्र केले तरी आकडा पाच हजारांच्या आत. पुण्यातली आमची सगळी घरं एका मध्यम मंगल कार्यालयात मावतील आणि मागच्या खुर्च्या रिकाम्या राहतील. २०१६ साली महाराष्ट्र सरकारनं आम्हाला अल्पसंख्याक म्हणून दर्जा दिला. माझे मामा पेपर वाचून म्हणाले, "चला, मोजणारं कुणीतरी भेटलं."

गंमत अशी, की आमच्या उगमाची कथाच मुळी लग्नाच्या गणिताची आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांच्यापासून सगळा समाज झाला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला जहाजाचं, लाटांचं, किनाऱ्यावर पुरलेल्या प्रेतांचं वाईट वाटायचं. आता ऐकते तेव्हा वाटतं, त्या सात जोडप्यांच्या मुलांनी लग्नं कुणाशी केली असतील? पहिल्या पिढीत ठीक, शेजारच्या घरातला. दुसऱ्या पिढीत मामेभाऊ. तिसरीत सगळेच सगळ्यांचे कुणीतरी. म्हणजे माझ्या लेकीची तक्रार समाजाइतकीच जुनी आहे.

पुढे मात्र कोकणानं ती थोडी सोडवली. लोक गावोगाव पांगले, एका गावात दोन-चार घरं. रोह्याच्या मुलीला रेवदंड्याचा मुलगा परका होता, कारण मधे खाडी होती. मग इंग्रजांचं सैन्य आलं. आमची माणसं मुंबई इलाख्याच्या पलटणींत मोठ्या संख्येनं भरती झाली, नंतर कारकुनी, रेल्वे, टपाल, इस्पितळं. बदल्या झाल्या आणि बदल्यांबरोबर अनोळखी लोक निर्माण झाले. पुण्याच्या मुली अहमदाबादला गेल्या, कराचीला गेल्या, एडनला गेल्या. माझी आजी कराचीहून लग्न होऊन पुण्यात आली. तिथे १८९३ साली बांधलेलं मागेन शालोम नावाचं सिनेगॉग होतं, बेने इस्राएल माणसानंच बांधलेलं. लग्नाआधी आजी-आजोबांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. "बोटीवरून उतरले तेव्हा गर्दीत टोपीवरून ओळखलं," आजी सांगायची. लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बघ, आजीला ब्लाइंड डेट मिळाली. मला नाही." कराचीचं ते सिनेगॉग १९८८ मध्ये पाडलं. तोवर तिथून आम्हाला सून येण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

पुण्यात आमची दोन प्रार्थनास्थळं आहेत आणि दोन का आहेत याचं उत्तरही लग्नात आहे. कॅम्पातलं लाल देऊळ सगळ्यांना माहीत असतं, निदान रिक्षावाल्यांना तरी. त्याचं खरं नाव ओहेल दाविद. डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलं, १८६४ साली ते पुण्यातच वारले, इमारत १८६७ मध्ये पूर्ण झाली, आणि आवारातच त्यांची कबर आहे. ससून बगदादचे. बगदादी ज्यू श्रीमंत, व्यापारी, अरबी बोलणारे आणि पुढे पुढे इंग्रजी. आम्ही मराठी बोलणारे, हवालदार आणि हेडक्लार्क. देव एक, धर्मग्रंथ तोरा एक, पण बेटीव्यवहार नाही. आमच्या रक्तात हिंदू मिसळले आहेत, अशी त्यांना शंका. म्हणून रास्ता पेठेत आमच्या लोकांनी आपलं सुक्काथ शेलोमो उभं केलं, १९२१ साली. पेठेतलं आहे, साधं आहे, बाहेरून जाणाऱ्याला चटकन कळतही नाही. बगदादी कुटुंबं पुढे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला निघून गेली. आता लाल देवळात प्रार्थनेला उभे राहतात ते बहुतेक आमचेच लोक. ज्यांना मुली द्यायच्या नव्हत्या, त्यांच्या मागे आम्हीच दिवाबत्ती करतो आहोत.

पण बगदाद्यांना बोलायला आमचं तोंड स्वच्छ नाही. आमच्यातच गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन भाग होते. कातडीच्या रंगाशी त्याचा संबंध थोडा. ज्यांच्या घराण्यात बाहेरची आई आली, ते काळे. गोऱ्यांनी काळ्यांत लग्न करायचं नाही, ताटाला ताट लावायचं नाही. विसाव्या शतकात हे हळूहळू विरलं. पण माझ्या लहानपणी एखाद्या स्थळाबद्दल बोलताना माझ्या आत्या आवाज बारीक करून एकच शब्द म्हणायच्या आणि विषय संपायचा. एवढासा समाज, आणि त्यातही भिंत घालायला विटा मिळाल्या! ज्या मातीत राहिलो तिचे गुण लागले असं म्हणून मी ते सोडून देणार नाही. शास्त्रात नसलेली गोष्ट आपण हौसेनं उचलली.

२०१६ मध्ये आमच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निघालं, की आमच्यात मध्यपूर्वेचा ज्यू वारसा आहे आणि भारतीय वारसाही आहे. ज्यू वाटा पुरुषांकडून जास्त आलेला, भारतीय वाटा बायकांकडून. म्हणजे नवगावच्या त्या सात बायकांच्या बरोबरीनं कोकणातल्या कितीतरी आया आमच्या मागे उभ्या आहेत. मी तो निष्कर्ष आत्यांना वाचून दाखवायला हवा होता, पण त्या तोवर गेल्या होत्या.

नात्यातल्या लग्नाला आमच्या धर्माची आडकाठी नाही. गोत्र नाही, सगोत्र नाही. मामेभाऊ चालतो, तसा चुलतभाऊही चालतो, मावसभाऊही चालतो. माझ्या आई-वडिलांच्या पिढीत अशी लग्नं सर्रास झाली आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आजच्या मुलींना मात्र ते अशक्य वाटतं, आणि त्याचं कारण डॉक्टर नाहीत, पुण्यातली शाळा आहे. बाजूच्या बाकावरच्या मुली चुलतभावाला ओवाळतात, मावसभावाला राखी बांधतात. मग आपला चुलतभाऊ नवरा कसा होईल? माझ्या लेकीच्या वयाचा, शिकलेला, निर्व्यसनी असा एक मुलगा पुण्यातच होता. दोघं एकाच शाळेत. तिसरीत वर्गशिक्षिकेनं सगळ्या मुलींकडून सगळ्या मुलांना राख्या बांधून घेतल्या, त्यात तोही आला. आमच्या धर्मात राखीला काही अर्थ नाही, हे मी तिला समजावून पाहिलं. "पण माझ्या डोक्यात आहे ना," ती म्हणाली. ते स्थळ बाईंनी घालवलं असं मी अजून म्हणते.

मग राहतात ते बाहेरचे. आणि इथे आणखी एक गंमत होते. सातारचा, सदाशिव पेठेतला, सांगलीचा मुलगा आमच्या मुलींना परका वाटतच नाही. भाषा तीच, विनोद तेच, पावसाळ्यात भजी तीच. परका तर मुंबईच्या हॉटेलात उतरलेला आणि कोरेगाव पार्कात सँडल घालून फिरणारा इस्राएली मुलगा. त्याची हिब्रू आमच्या मुलींना कळत नाही आणि आमची प्रार्थना ऐकून त्याला पणजोबा आठवतात. धर्मानं तो घरचा. पण ज्याच्याबरोबर हसता येतं तो आंबेगावचा. लेकीला यातलं काही समजावून सांगायची मला गरज पडली नाही, ती रोजच त्यात राहते.

तिच्या पिढीचं फिरणं-भेटणं मी लांबून बघते. तोंडाला स्कार्फ बांधून दुचाकीवर बसलेली पुण्याची मुलगी कुणाची आहे हे तिच्या आईलाही ओळखता येत नाही, ही सोय छोट्या समाजातल्या मुलींना फार उपयोगी पडते. अडचण येते ती शुक्रवारी. सगळ्या कंपनीचा आठवडा शुक्रवारी संध्याकाळी सुटतो आणि आमचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतो. मुलगा म्हणतो, शुक्रवारी भेटू. ही म्हणते, शुक्रवार सोडून. दोन-तीनदा असं झालं की त्याला वाटतं हिला टाळायचंय. दुसरी अडचण जेवणाची. मांस आणि दूध आम्ही एकत्र खात नाही, म्हणून आमच्या मटणात दह्याऐवजी नारळाचं दूध. बाहेरचं मटण कोशर, म्हणजे आमच्या धर्मनियमांत बसणारं, नसतं, म्हणून आमच्यातले कितीतरी जण हॉटेलात शाकाहारीच मागवतात. बटर चिकन म्हणजे तर दोन्ही नियम एका वाडग्यात मोडलेले. एका मुलानं पनीर मागवणाऱ्या माझ्या लेकीला अदबीनं विचारलं होतं, "तू जैन आहेस का?" तिनं हो म्हणून टाकलं. म्हणे, जेवण थंड होत होतं.

बाहेर लग्न झालं तर काय, हा प्रश्न प्रत्येक घरात आता येऊन गेला आहे. त्याचं उत्तर देताना शास्त्र एक सांगतं आणि कोकण दुसरं. हलाखा, म्हणजे आमचा धर्मनियम, म्हणतो की ज्यू आईचं मूल ज्यू. बाप कोण, याला महत्त्व नाही. या हिशेबानं आमच्या मुलीनं सातारच्या मुलाशी लग्न केलं तर तिची मुलं शंभर टक्के आमची. आमच्या मुलानं सातारची मुलगी आणली तर मुलं ज्यू नाहीत, जोवर आई रीतसर धर्मांतर करत नाही. आणि ते धर्मांतर सोपं नाही. वर्षानुवर्षं अभ्यास, बेथ दीनसमोर, म्हणजे धर्मपीठासमोर परीक्षा, मग मिकव्यात, म्हणजे धार्मिक स्नानाच्या कुंडात, बुडी. ज्यू धर्म कुणाला बोलवायला जात नाही, उलट आलेल्याला आधी परत पाठवतो.

आता समाजात काय होतं ते बघा. मुलानं बाहेरची आणली की चार दिवस रुसवा, मग तिला कुणीतरी शब्बाथचे दिवे लावायला शिकवतं, चिकाचा हलवा शिकवतं, आणि वर्षभरात ती "आमची सून" होते. तिची मुलं सिनेगॉगमध्ये बागडतात, आडनाव आमचं, नाव दाविद. मुलीनं बाहेर केलं की ती "गेली". तिच्या मुलांचं आडनाव वेगळं, म्हणून ती परकी. ज्यांना शास्त्र आपलं म्हणतं त्यांना आपण सोडतो आणि ज्यांना शास्त्र बाहेर ठेवतं त्यांना मांडीवर घेतो. मांडीवर घेतो ते मला पसंतच आहे. पण गेलेल्या मुलींचं काय? समाज आटतोय म्हणून रडायचं आणि आपल्याच नातवंडांना मोजायचं नाही, हा हिशेब प्रार्थना चालवणाऱ्या कुठल्या हजाननं शिकवला? हे मी सिनेगॉगच्या सभेत एकदा बोलले. सभेत शांतता झाली आणि पुढचा विषय छपराच्या गळतीचा निघाला.

मोजायचं म्हटलं की मिन्यान आलं. सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. पुण्यात सणावाराला ते सहज जमतात. आडवारी फोनाफोनी होते. बाई या दहांत मोजली जात नाही. बाई फक्त पुढचे दहा निर्माण करण्यासाठी मोजली जाते, आणि ते करताना ती कुणाशी लग्न करते याची सगळ्यांना काळजी. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या मुलीनं एका मुलाबरोबर कॉफी प्यायची तर तिच्या खुर्चीमागे दोन हजार वर्षं उभी करायची, हे मला पटत नाही. तरी कुणाचं लग्न ठरलं की पहिला प्रश्न माझ्याच तोंडून निघतो, "आपल्यातला आहे का?" त्याला इलाज नाही.

आमच्या भाचीनं बाहेर केलं. वर्गमित्र, हिंदू, घरचे चांगले. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट, १९५४. तीस दिवसांची नोटीस, मग तीन साक्षीदार, सही. ज्यूंसाठी वेगळा विवाह कायदा आपल्या देशात झालेलाच नाही. आमची आपसातली लग्नं धर्माच्या रिवाजानं चालतात, आणि बाहेर करायचं तर हाच कायदा. त्यात दोघांनाही धर्म सोडावा लागत नाही, हे मला त्या कायद्याचं मोठेपण वाटतं. नोंदणी कार्यालयात भाचीच्या आईनं विचारलं, "कतुबा नाही, मग घटस्फोट झाला तर?" क्लार्क घाबरला. त्याला वाटलं, आताच काही बिनसलंय. खरं तर आमच्याकडे कतुबा, म्हणजे लग्नाचा करारच असा लिहिलेला असतो, की नवऱ्यानं सोडलं तर बायकोला काय द्यायचं हे आधी ठरतं आणि ते सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. आईला त्या कोऱ्या फॉर्मात लेकीची सोय दिसेना.

आता आमची यंत्रणा. तिचं मुख्यालय म्हणजे माझी मावशी. वय ब्याऐंशी, ठाण्याला राहते. ठाणे आता आमचं सगळ्यांत मोठं गाव. तिच्याकडे पूर्वी वही होती, आता व्हॉट्सअ‍ॅप आहे. मुंबई, ठाणे, पनवेल, अलिबाग, पुणे, अहमदाबाद आणि पलीकडे अश्दोद, लोद, बेरशेबा, दिमोना. तिला फोटोत रस नसतो. मराठी बायोडेटात सगळेच मामांचं कुळ, आजोळ लिहितात आणि कुणी वाचत नाही. मावशी तेच आधी वाचते. आईची आई कोण? कुठली? तिचं लग्न कुठे लागलं? कारण मुलगी उद्या इस्राएलला गेली आणि तिच्या मुलांचं लग्न निघालं, तर तिथला रब्बी, म्हणजे धर्मगुरू, हेच विचारणार. तिथे नोंदणी पद्धतीचं लग्न नाही. ज्यू असाल तर रब्बींच्या कार्यालयातूनच.

मावशीची ही सवय कुठून आली हे मला ठाऊक आहे. १९५० नंतर आमची कुटुंबंच्या कुटुंबं इस्राएलला गेली. आज भारतात आहेत त्याच्या कितीतरी पट बेने इस्राएल तिकडे आहेत. जाऊन दहा वर्षं झाली आणि काही रब्बी आमच्या लोकांची लग्नं लावायला नकार देऊ लागले. १९६१-६२ च्या सुमारास मुख्य रब्बी यित्झाक निसिम यांच्या काळात सूचना निघाल्या, की बेने इस्राएल वधू-वरांची आईकडून जमेल तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. ज्यांच्यासाठी घरदार, नोकरी, कोकण सोडून गेले, ते विचारत होते की तुमची खापरपणजी कोण. आमचे लोक बायकामुलांसह रस्त्यावर उतरले, जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसले. १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटला, त्यांच्या संसदेला, ठराव करावा लागला की बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत. त्यानंतर त्या सूचनांतून आमचं नाव निघालं. मावशीची थोरली बहीण तेव्हा तिकडेच होती, लग्न ठरून थांबलेली. ठराव झाल्यावर तिचं लग्न लागलं. घरच्या सगळ्या अल्बमांत तेवढा एक फोटो असा आहे, की त्यात नवरी चिडलेली दिसते.

म्हणून आजोळाचा रकाना. मावशी त्याला "कागद पक्के ठेवणं" म्हणते.

यंत्रणेचा दुसरा भाग म्हणजे तरुण मुलांना एकत्र आणणं. मुंबईला समाजाच्या केंद्रात सणांचे कार्यक्रम होतात, हिब्रूचे वर्ग होतात, लोणावळ्याकडे शिबिरं होतात. शिबिराच्या पत्रकात लिहिलेलं असतं, ज्यू इतिहास आणि नेतृत्वगुण. पालक फी भरतात ते वेगळ्याच कारणासाठी, आणि मुलांनाही ते कारण माहीत असतं. माझी लेक गेली, तीन चांगल्या मैत्रिणी करून आली. मावशीनं फोनवर विचारलं, "आणि?" "आणि मच्छर," ती म्हणाली. आमच्या काळी हे काम योम किप्पुरला व्हायचं. दिवसभराचा उपास, बायकांची गॅलरी वर, पुरुष खाली. वरून फक्त टोप्या दिसतात. पण सूर्यास्तापर्यंत बसलं की कोण उभं राहतं, कोण डुलक्या घेतं, कोण म्हाताऱ्या बापाला खुर्ची देतं, सगळं कळतं. मी माझा नवरा तसाच निवडला. तो अलिबागहून काकांकडे आलेला होता. खुर्ची दिली म्हणून नव्हे, उपासाच्या दिवशी दारातल्या भिकाऱ्याशी तो गप्पा मारत उभा होता म्हणून. आणि त्याला मी आधी कधी पाहिलं नव्हतं, म्हणूनही असेल.

लग्न ठरलं की तारखेचा घोळ. पुण्यात लग्नसराई एप्रिल-मेची, आणि आमच्याकडे वल्हांडणाच्या सणापासून ओमेरचे एकोणपन्नास दिवस मोजतात, त्यातल्या निदान तेहतिसाव्या दिवसापर्यंत लग्न लावत नाहीत. म्हणजे आंब्याचा मोसम गेला. जुलै-ऑगस्टात जेरुसलेमच्या मंदिरविध्वंसाच्या दुखवट्याचे तीन आठवडे. शनिवार कधीच नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर आमच्या सणांचे. मात्र देवानं एक बाजू बंद केली तर हॉलवाला दुसरी उघडतो: पौषात कुणी लग्न करत नाही आणि आम्हाला पौष माहीत नाही. जानेवारीतलं कार्यालय निम्म्या भाड्यात मिळतं. आमची निम्मी लग्नं या एका गोष्टीवर होतात असं म्हटलं तर मावशी रागावेल, पण खोडून काढणार नाही.

आधी मलिदा. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, भोवती फळं. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं नाव घेऊन नवस फेडायचा, शुभकार्याला आरंभ करायचा. मग मेंदीची रात्र, ज्यात हिब्रू कमी आणि मराठी गाणी जास्त. लग्नाला नवरी पांढऱ्या साडीत, गळ्यात नंतर मंगळसूत्र. ती आत येताना नवरा तिच्याकडे बघून "योनाती झिव" हे हिब्रू गीत गातो. हा भाग मला फार आवडतो. एरवी आमचे मुलगे चारचौघांत बायकोशी धड बोलत नाहीत, पण त्या दिवशी सगळ्या समाजासमोर त्याला गावंच लागतं. आजकाल हजान चाल रेकॉर्ड करून पाठवतात आणि मुलं ती गाडी चालवताना ऐकून पाठ करतात. सूर लागतो असं नाही. हात थरथरतो आणि नवरी हसू दाबत चालत येते, कारण ती त्याला बालवाडीपासून ओळखते.

परवा मावशीचा फोन आला. अहमदाबादला लग्न आहे. वधू आमच्या लांबच्या नात्यातली, वर तिच्याहून लांबचा, त्याच्याकडची मंडळी इस्राएलहून येणार, मेंदीला दोनशे माणूस. लेकीनं जावं असं तिचं म्हणणं. लेक कुरकुरली. ऑफिसात सुट्टी नाही, एवढा प्रवास, शिवाय मी जाऊन करू काय, मी तिथे कुणालाच ओळखत नाही.

मावशीनं अहिंसा एक्स्प्रेसचं तिकीट आधीच काढून ठेवलं होतं.